आवाज खाणारं कडू मीठ

मिरकरवाडा घ्या, हर्णै घ्या नाहीतर मालवण, आता कितीतरी ट्रॉलरवर फिशफाइंडर, म्हणजे पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून मासळी दाखवणारं यंत्र, असतो आणि त्यात बहुतेक वेळा दोन फ्रिक्वेन्सी मिळतात, 50 किलोहर्ट्झ आणि 200 किलोहर्ट्झ. दोन्ही आपल्या कानापलीकडच्या, म्हणजे अल्ट्रासॉनिक. कमी पाण्यात 200 लावली की मासळीचा थवा स्क्रीनवर बारकाईने दिसतो कारण तिची लाट जेमतेम साडेसात मिलिमीटर लांबीची असते, पण तेच खोल पाण्यात गेलं की ती वाटेतच संपते आणि 50 वर यावं लागतं. मग हा आवाज जातो कुठे?

आधी गोडं पाणी बघू. आवाज म्हणजे दाबाची लाट, पाणी दाबलं जातं सुटतं दाबलं जातं, आणि पाण्याच्या चिकटपणामुळे थोडी ऊर्जा दरवेळी उष्णता होऊन जाते. ब्रिटिश गणिती स्टोक्सने 1845 मध्ये याचा हिशोब मांडला, फ्रिक्वेन्सी दुप्पट केली की शोषण चौपट. नियम बरोबर निघाला पण पाणी प्रत्यक्षात त्या हिशोबाच्या जवळपास तिप्पट आवाज खातं, कारण दाब आला की पाण्याचे रेणू आपली रचनाच थोडी बदलतात आणि त्यातही ऊर्जा जाते.

समुद्रात मात्र भलतंच काहीतरी होतं. 50 किलोहर्ट्झला खारं पाणी गोड्याच्या वीसेक पट आवाज खातं! दुसऱ्या महायुद्धात सोनार, म्हणजे आवाजाने पाणबुड्या शोधायचं यंत्र, वापरणाऱ्यांना हे फार छळत होतं. कुणालाही वाटेल की मीठच खात असणार, पण साध्या मिठाचा यात जवळजवळ काहीच हात नाही. खरा खाणारा मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे मेडिकलमध्ये जुलाबासाठी मिळतं ते एप्सम सॉल्ट, आणि ते लिटरमागे जेमतेम दोनेक ग्रॅम. शिरोड्याच्या मिठागरात मीठ धरल्यावर जे कडू पाणी उरतं ना, त्यात हे मॅग्नेशियमचे क्षार साठलेले असतात.

इतकंसं मीठ एवढा आवाज कसं खातं, मला यातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो. मॅग्नेशियम आणि सल्फेटचे आयन पाण्यात जोड्या करतात आणि मोडतात, दाब वाढला की काही जोड्या सुटतात, उतरला की परत जुळतात, पण त्याला वेळ लागतो. खारजमिनीच्या बांधाला छोटी उघाडी, म्हणजे पाणी आत-बाहेर जायची मोरी, असते तसं समजा. भरती सावकाश आली तर आतलं पाणी बाहेरच्या बरोबरीने चढतं, मिनिटामिनिटाला भरती-ओहोटी झाली तर आत पत्ताच लागत नाही, आणि अधल्यामधल्या वेगाला आतलं पाणी कायम मागे राहतं. आयनही तसेच मागे राहतात, आणि त्या मागे राहण्यातच लाटेची ऊर्जा उष्णता होऊन जाते.

त्यातूनच डिस्पर्शन येतं, म्हणजे फ्रिक्वेन्सीप्रमाणे आवाजाचा वेग बदलतो. सावकाश लाटेला जोड्या साथ देतात म्हणून पाणी किंचित मऊ पडतं आणि आवाज हळू जातो, जलद लाटेला ते ताठ लागतं आणि आवाज जरासा पुढे पळतो. समुद्रात हा फरक अगदीच नगण्य, शोषणाइतका जाणवत नाही.

जर्मनीत टाम आणि कुर्ट्झे यांनी हे शोषण नीट मोजलं, रसायनशास्त्रज्ञ मानफ्रेड आयगेनने त्यावरून जोड्या सुटायला किती वेळ लागतो ते काढलं, सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास! इतक्या जलद रासायनिक क्रिया मोजताच येणार नाहीत असं तोवर मानलं जायचं. 1967 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा त्याला मिळाला.

आता कोकणाचं. पाणी गरम असलं की आयन चपळ होतात, त्यामुळे जोड्यांची खास फ्रिक्वेन्सी, म्हणजे वर सांगितलेला तो अधलामधला वेग, 10 अंशाला 75 किलोहर्ट्झच्या आसपास असते ती आपल्या 28 अंशाच्या पाण्यात 200 जवळ जाते. म्हणून थंड समुद्रात 50 ची लाट किलोमीटरमागे साधारण 15 डेसिबल गमावते आणि आपल्याकडे 10 च, पण 200 ची तिकडे 55 तर इथे 90 च्या घरात. थंड समुद्रासाठी केलेले खोलीचे तक्ते इकडे 200 ला जास्त आशा दाखवतात आणि 50 ला उगाच कमी.