कुत्र्यासाठी जुनी डिझेल गाडी : चार मीटरच्या रेषेची पार्श्वभूमी

दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत जुन्या गाड्यांच्या बाजारात हल्ली एक ठराविक गिऱ्हाईक दिसतं. मुंबई-पुण्यातली नोकरी संपवून गावच्या घरी राहायला आलेलं जोडपं, सोबत तीस-पस्तीस किलोचा लॅब्राडॉर आणि खिशात पाच-सात लाख. मागणी तशी साधी: गाडी डिझेल असावी, घाटात धापा टाकू नये, आणि कुत्र्याला मागे सपाट जागा मिळावी, तीही माणसांच्याच हवेत. युरोपात याला एका शब्दाचं उत्तर आहे, इस्टेट. आपल्याकडे दलाल स्कॉर्पिओ दाखवतो, ती उंच वाटली तर इनोव्हा. हे असं का झालं ते शोधत गेलं की वाट २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पापाशी येऊन अडते.

रेल्वेचा पर्याय सुचवणारे भेटतात. पण कुत्रा डब्यात सोबत न्यायचा तर पहिल्या वर्गाचा अख्खा कुपे किंवा केबिन आपल्याकडे लागते, नाहीतर तो गार्डाच्या डब्यातल्या पेटीत. गणपतीच्या आठवड्यात कोकण रेल्वेत पहिल्या वर्गाचा कुपे मिळवून दाखवणाऱ्याने गाडी घेऊच नये, त्याला काहीही जमेल. बाकीच्यांना स्वतःची चार चाकं लागतात.

आधी शब्दाचा गुंता. कोकणात ‘इस्टेट’ म्हटलं की पहिल्यांदा सातबारा डोळ्यांसमोर येतो, मग चुलते. गाडीच्या बाबतीत इस्टेट, स्टेशन वॅगन, कॉम्बी ही सगळी एकाच घडणीची नावं: सेडानचंच छप्पर शेवटपर्यंत नेलेलं, मागचा दरवाजा काचेसकट वर उघडणारा, आणि डिकी व केबिन यांच्यात भिंत नाही. कुत्रेवाल्यांसाठी हा शेवटचा मुद्दाच खरा. सेडानची डिकी म्हणजे झाकणाची पेटी, तिथे जनावर ठेवायचा विचारही करू नये. आणि इस्टेटची जमीन कारइतकीच खाली असते. दहा वर्षांचा, कंबर धरलेला लॅब्राडॉर तिथे स्वतः पाय टाकून चढतो. स्कॉर्पिओत त्याला उचलावं लागतं, आणि पस्तीस किलो रोज दोनदा उचलणाऱ्याचीही कंबर मग कुत्र्यासारखीच होते.

गंमत अशी की भारतात ज्या गाडीवर हे नाव ठळक लिहिलेलं होतं, तीच या व्याख्येत नीट बसत नव्हती. १९९२ मध्ये आलेली टाटा इस्टेट पिकअपच्या चासीवर उभी होती, तिच्या आदल्या वर्षी आलेल्या सिएराची बहीण. १९४८ सीसीचं डिझेल इंजिन, लांबलचक मागची बाजू, आणि त्या काळात अपूर्वाईच्या पॉवर विंडो. जागा भरपूर, पण मागची जमीन उंच आणि चाल ट्रकच्या अंगाची. त्याआधीचं फार सांगण्यासारखं नाही. अँबेसेडरच्या मागची बाजू वाढवून रुग्णवाहिका होत, फियाटच्याही तशा गाड्या बांधून मिळत. १९८० च्या सुमारास अँबेसेडरमध्ये डिझेल इंजिन आलं आणि कारमध्ये डिझेल ही कल्पना रुळली.

कोकणात ती जरा जास्तच रुळली, त्याचं कारण रस्त्यापेक्षा बंदरात आहे. हर्णै, मिरकरवाडा, मालवण इथे होडीची इंजिनं डिझेलची. नोझल, फ्युएल पंप, हेड गॅस्केट यांत हात काळे केलेले मिस्त्री प्रत्येक बंदराला होते आणि त्यांतले काही बंदरातून वर येऊन नाक्यावर गॅरेज टाकून बसले. ‘डिझेल असली तर इथं कुणीही खोलतो’ हे वाक्य त्या काळातलं आहे. जुन्या, यांत्रिक पंपाच्या इंजिनांबाबत ते खरंही होतं. कॉमन रेल, म्हणजे संगणकाच्या ताब्यातल्या इंधनफवाऱ्याच्या, इंजिनांबाबत ते आजही ऐकवलं जातं, तेव्हा ऐकणाऱ्याने थोडं सावध व्हावं. तिथे स्कॅनर लागतो आणि इंजेक्टर जिल्ह्याबाहेर पाठवावे लागतात.

खऱ्या अर्थाने इस्टेट, डिझेल आणि मध्यमवर्गीय खिशातली अशी गाडी एकदा आली होती. टाटाची २००४ ची इंडिगो मरिना. इंडिकाच्या कुटुंबातलं १४०५ सीसीचं डिझेल इंजिन, मागची चाकं कमानींच्या आत नीट बसवलेली, डिकीची जमीन खाली, मागची सीट पाडली की हापूसच्या पेट्या एकावर एक रचता येत. एप्रिल-मे पेट्या आणि उरलेले दहा महिने कुत्रा, असा संसार या गाडीने सुखाने केला असता. गाडी दिसायला डौलदार होती, हे माझं मत मी लपवत नाही.

आता ती रेष. २००६ च्या अर्थसंकल्पात ‘छोटी कार’ म्हणजे काय ते ठरवण्यात आलं: लांबी ४००० मिलिमीटरच्या आत, आणि इंजिन पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत. यात बसणाऱ्या गाडीचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आलं. २००८ मध्ये ते १२ झालं, तेव्हा मोठ्या गाड्यांवर २४ टक्केच होते. म्हणजे दुप्पट. हेतू सांगितला गेला तो असा की भारत छोट्या गाड्यांचा कारखाना व्हावा, इंधन वाचावं, रस्त्यावर जागा कमी व्यापली जावी. हेतूबद्दल भांडण नाही. भांडण मोजपट्टीबद्दल आहे.

वजन, धूर, प्रति लिटर किती किलोमीटर यांतलं काहीही मोजता आलं असतं. मोजली लांबी. मरिनाचं इंजिन सवलतीत आरामात बसत होतं. गाडी मात्र रेषेबाहेर राहिली साधारण पंधरा सेंटीमीटरने, म्हणजे वीतभरही नाही. आणि इस्टेट हा प्रकारच असा की तिचा सगळा उपयोग त्या शेवटच्या दोन-तीन वितींत असतो. सेडानला शेपूट छाटून चालतं. २००८ मध्ये इंडिगोचीच छाटलेली आवृत्ती आली, इंडिगो सीएस, लांबी ३९८८ मिलिमीटर. २०१२ मध्ये डिझायरनेही तेच केलं, ३९९५. पाच मिलिमीटर उरवून! शिंप्याने दिलेल्या मापात कापड बसवावं तशी ही कसरत होती, आणि ती यशस्वी झाली. इस्टेटचं शेपूट छाटलं की हाती हॅचबॅक उरते, ती बाजारात होतीच. मरिना ते दशक संपता संपता दिसेनाशी झाली.

दुसरी बाजूही मांडायला हवी. अनेकांचं म्हणणं असं की कर नसता तरी इस्टेट मेलीच असती. लोकांना तिच्यात रुग्णवाहिका दिसायची, आणि सोयरिकीला जाताना दारात उभ्या गाडीला वेगळी डिकी हवी असायची. बलेनो अल्टुरा ही इस्टेट पेट्रोलवर आली आणि २००६ ची रेष आखली जाण्याआधीच गेली. स्कोडाची ऑक्टेव्हिया कॉम्बी थोड्यांनी घेतली आणि त्या थोड्यांनी जन्मभर कौतुक केलं. हा पुरावा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. तरी मला तो अर्धाच वाटतो. नावडतं मूलही घरात वाढतं, जर त्याच्या ताटावर दुप्पट कर नसेल. २००६ नंतर कुठल्याच कंपनीला सामान्य किमतीची इस्टेट पुन्हा आणून बघण्यात अर्थ उरला नाही, आणि आवड बदलण्याची संधीही तिथेच संपली.

लांबी माफ झाली ती एकाच अटीवर, सीटा वाढवल्या तर. सात माणसं बसतात म्हटल्यावर गिऱ्हाईक जास्तीचा कर मुकाट भरतं, डिकीसाठी भरत नाही. २००० ची क्वालिस, २००४ ची टवेरा, २००५ ची इनोव्हा, २०१२ ची अर्टिगा, २०१५ ची रेनोची लॉजी ही रांग बघा. शेवटची रांग पाडली की यांतली जवळपास प्रत्येक गाडी इस्टेटचं काम करते. भारतीय इस्टेट सातआसनी गाडीत दडलेली आहे, आणि ती शोधणाऱ्याने तिसऱ्या रांगेखाली हात घालून बघायचं असतं की सीट खरंच सपाट पडते की नुसती मान टाकते. सीट काढून टाकण्याचा मोह मात्र आवरावा. आरसीवर सात आसनं लिहिलेली असतात, आणि नोंदीतल्या तपशिलाशी फारकत होईल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतो.

डिझेलची कहाणी याला समांतर चालली. २०१० मध्ये पेट्रोलचे दर मोकळे झाले, डिझेलचे राहिले बांधलेले, आणि २०१२ पर्यंत दोन्हींतली दरी लिटरमागे तीस रुपयांच्या आसपास गेली. ज्याला महिन्याला तीनशे किलोमीटर जायचं नाही त्यानेही डिझेल घेतली. आज पाच-सात लाखांत दिसणाऱ्या जुन्या डिझेल गाड्यांचा मोठा गठ्ठा त्या वर्षांचा आणि त्यानंतरच्या लाटेचा आहे. जानेवारी २०१३ पासून डिझेल दरमहा थोडं थोडं वाढू लागलं, ऑक्टोबर २०१४ मध्ये पूर्ण मोकळं झालं, पण सवय मोडायला वेळ लागला. मग १ एप्रिल २०२०, धुराचे कडक नियम, भारत स्टेज ६. छोट्या डिझेल इंजिनांना धूर गाळायची यंत्रणा बसवणं परवडेना. रांजणगावलाही बनणारं १२४८ सीसीचं इंजिन, जे अर्टिगापासून अनेक गाड्यांत धडधडत होतं, ते बंद झालं.

ही तारीख कुत्रेवाल्यांच्या निवडीत किमतीपेक्षा मोठी आहे. २०२० नंतरच्या डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. तो स्वतःला जाळून साफ करतो, पण त्यासाठी पंधरा-वीस मिनिटं तरी सलग वेग लागतो. सकाळी कुत्र्याला घेऊन वाडीवरून समुद्रावर, तीन किलोमीटर जायचं, तीन यायचं, एवढाच दिनक्रम असेल तर फिल्टर तुंबतो आणि दिवा लागतो. महिन्यातून दोनदा मुंबई किंवा कोल्हापूर होत असेल तर अडचण नाही. गावातच फिरणाऱ्याला २०१७ ते २०२० मधली, स्टेज ४ ची गाडी जास्त सोसते. अर्टिगा डिझेल, किंवा माझी स्वतःची आवड विचाराल तर मारुतीची एस-क्रॉस: नावाला क्रॉसओव्हर, बैठकीला जरा उंच केलेली इस्टेट. हायवेवाल्याने इनोव्हा क्रिस्टा किंवा २०२२ नंतरची कियाची कॅरेन्स डिझेल बघावी. लॉजी जागेला आणि चालीला उत्तम, १४६१ सीसीचं इंजिनही कसलेलं, पण रस्त्यावर फारशा नाहीत म्हणून बॉडीचा एखादा भाग शोधत फिरावं लागतं.

सीएनजीचे पंप आता कोकणातही झाले आहेत आणि स्वस्त पडतं हे खरं. पण टाकी बहुतेक गाड्यांत डिकीत बसते, बरोबर कुत्र्याच्या जागेवर. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची धास्ती घेऊन जुन्या डिझेलकडे वळणारेही यंदा बरेच दिसतात.

जुनी गाडी बघताना इथे दोन तारखा विचारायच्या. २६ जुलै २००५ आता मागे पडली, तेव्हाच्या गाड्या उरल्या नाहीत. २२ जुलै २०२१ मात्र ताजी आहे. चिपळूण आणि महाडला त्या दिवशी गाड्या छपरापर्यंत बुडाल्या, त्यांतल्या काही धुऊन-पुसून पुन्हा उभ्या राहिल्या. सीटबेल्ट पूर्ण ओढून शेवटच्या हातभर पट्ट्याकडे बघावं, गाळाची रेघ तिथे राहते. डिकीतला गालिचा उचलून स्टेपनीच्या खळग्यात बोट फिरवावं. पुराची गाडी असो वा खाऱ्या वाऱ्याची, गंज पहिल्यांदा तिथेच बोलतो. कुत्र्याचं ओलं अंग, वाळू आणि खारं पाणी उद्या त्याच खळग्यात उतरणार आहे, म्हणून आज तो कोरडा असलेला बरा.

एसीचं एक राहिलं. मे महिन्यात परशुराम घाटात वाहतूक तुंबली की पुढच्या झडपांची हवा डिकीपर्यंत पोचत नाही. छपरातून मागे हवा सोडणारी इनोव्हा किंवा मागे ब्लोअर असलेली अर्टिगा इथे सरस ठरते. मात्र स्वस्त इनोव्हा बघताना पाटीचा पूर्वीचा रंग विचारावा. टॅक्सीची पिवळी पाटी बदलून पांढरी करून घेतलेल्या गाड्यांचा मीटर बऱ्याचदा लाजराबुजरा असतो. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले तेव्हापासून तिकडच्या गाड्याही एनओसी घेऊन खाली येतात. त्यांना खाऱ्या हवेचा गंज नसतो, पण इथला रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो आणि तो सांगितलेल्या किमतीत धरलेला नसतो.

रेष अजून तिथेच आहे. २०१७ मध्ये उत्पादन शुल्क जाऊन जीएसटी आला, सप्टेंबर २०२५ मध्ये दर बदलले, छोट्यांना १८ टक्के आणि बाकीच्यांना ४०, पण छोटी म्हणजे कोण हे विचारलं की उत्तर तेच, ४००० मिलिमीटर. उरलेल्या मरिना आता वीस वर्षांपलीकडे चालल्या आहेत. वीस वर्षांवरच्या कारच्या फेरनोंदणीचं शुल्क २०२५ मध्ये दहा हजार झालं, आणि अशा मरिनाला गिऱ्हाईक पुष्कळदा त्याच्या चौपट-पाचपटच देऊ करतं. एमएच-०८ पासिंगची एखादी अजून दिसते, मागची काच खाली, आणि काचेतून बाहेर काढलेलं एक पिवळट तोंड.