वानर की माकड? फणसाडला मुलांना घेऊन जाण्याआधी

"मावशी, माकड बघ!" फणसाड अभयारण्याच्या सुपेगावच्या फाटकातून आत शिरून पाच मिनिटं झाली नव्हती, तोच भाचा ओरडला. सोबतच्या वाटाड्या दादांनी मान वर न करताच दुरुस्ती केली, "माकड नाय, वानर हाय तो." सहा वर्षांच्या पोराला काही ते पटेना. झाडावर बसतं, शेपूट असते, म्हणजे माकड, असा त्याचा सरळ हिशेब. खरं सांगायचं तर शहरातल्या मोठ्या माणसांचा हिशेबही याच्या फार पुढे गेलेला नसतो.

फणसाडचं जंगल एके काळी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं. १९८६ साली ते अभयारण्य झालं. रायगड जिल्ह्यातल्या मुरूड आणि रोहा तालुक्यांत पसरलेलं सुमारे ५४ चौरस किलोमीटरचं हे रान. इथल्या पाणवठ्यांना 'गाण' म्हणतात आणि सकाळी लवकर गाणापाशी गुपचूप बसलं, तर काही ना काही दिसतंच. बिबट्या दिसेल या आशेने मुलांना आणू नका, हिरमोड होतो. शेकरू दिसलं तर नशीब. वानरं मात्र बहुधा भेटतातच.

वानर म्हणजे काळ्या तोंडाचं, राखाडी अंगाचं, लांब हातापायांचं. माकडाचं तोंड लालसर किंवा गुलाबी, अंग तपकिरी, बांधा बुटका. भाषेने हा फरक कधीच ओळखलाय. 'माकडचेष्टा' म्हणतात, 'वानरचेष्टा' कुणी म्हणत नाही. कोलीतही माकडाच्याच हाती जातं. वानराच्या वाट्याला रामायणातली सेना आली आणि काळ्या तोंडाची गोष्टही. लंका जाळल्यावर मारुतीने पेटती शेपूट विझवली, तेव्हा तोंड काळवंडलं, असं आजी सांगायची. कळपातल्या दांडग्या नराला 'हुप्प्या' हे खास नावसुद्धा आहे, कारण तो सकाळी सकाळी 'हूप हूप' करून रान दणाणून सोडतो.

"लांब शेपूट ती वानराची" ही खूण मुलांना शिकवतात. कोकणात ती दगा देते. तापीच्या दक्षिणेला जे मूळचं लाल तोंडाचं माकड आहे, त्याच्या डोक्यावरचे केस मधोमध भांग पाडून टोपी घातल्यासारखे दिसतात आणि त्याची शेपूट चांगली लांब असते. आखूड शेपटीचं, नारिंगी पार्श्वभागाचं ते उत्तरेकडचं माकड, पण तेही आता दक्षिणेकडे सरकत आलंय. म्हणून शेपूट सोडा, तोंडाचा रंग बघा. आणि तोंड दिसत नसेल, तर ते काय करतंय ते बघा.

कारण खरा फरक पोटात आहे. वानर मुख्यतः पालाखाऊ. त्याच्या पोटात कप्पे असतात, तिथे जिवाणू पाला आंबवतात. गाय-म्हैस रवंथ करते तसं ते करत नाही, पण पाला पचवण्याचं तत्त्व तेच. पाल्यातून ताकद हळूहळू मिळते, म्हणून वानरं पोट भरलं की तासन्‌तास फांदीवर पाय सोडून बसतात. आमच्या भाच्याने दहा मिनिटं वाट बघून जाहीर केलं की हे वानर बिघडलंय!

माकडाचं तसं नाही. पानं, फळं, किडे, अंडी, चिवडा, वेफर्स, त्याला काहीही चालतं. शिवाय त्याच्या गालात पिशव्या असतात, ज्या वानराला नसतात. मिळेल ते भराभर गालात कोंबायचं, सुरक्षित फांदी गाठायची आणि मग हाताच्या मागच्या बाजूने गाल दाबत एकेक घास बाहेर काढून खायचा. म्हणजे तुमच्या पोराच्या हातातलं केळं हिसकायला त्याला दोन सेकंद पुरतात, खायला नंतर सावकाश वेळ आहे.

येताना रस्त्याकडेच्या टपरीपाशी हेच झालं. भाचीच्या हातातला चिक्कीचा पुडा गेला आणि शेजारचे एक काका म्हणाले, "बघ, हसतंय तुला." हसत नव्हतं. माकडाने गप्प राहून दात विचकले, तर ते बहुतेक वेळा घाबरलेलं असतं. डोळे रोखून तोंड उघडलं, तर ती धमकी. दोन्ही वेळा मुलाला मागे घ्यायचं, नजरेला नजर द्यायची नाही आणि पुडा सोडून द्यायचा. चावलं किंवा ओरखडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रेबीजच्या लशीचं विचारायचं. हळद लावून वाट बघायची नाही.

वानर त्या मानाने शांत, पण ते शहाणपण टिकवणं आपल्याच हाती आहे. जिथे लोक बिस्किटं टाकतात, तिथली वानरंही गाड्यांच्या टपावर चढायला शिकतात, आणि पाव-बिस्किटांनी त्यांच्या पोटातलं ते आंबवण्याचं गणित बिघडतं ते वेगळंच. बागायतदाराला मात्र दोघांतला फरक विचारू नका. आंब्याचा मोहोर आणि कोवळे नारळ कुणी ओरबाडले, यावर तो एकच शब्द वापरेल, आणि तो इथे लिहिण्यासारखा नाही.

मुलांना सर्वात आवडलं ते वेगळंच होतं. वानराची आई राखाडी आणि तिचं तान्हं गडद काळपट तपकिरी. ते पिल्लू या मादीकडून त्या मादीकडे फिरत होतं, चाळीतल्या बाळासारखं. माकडीण पिल्लू असं सहजी दुसरीकडे देत नाही.

डबा आम्ही गाडीतच खाल्ला, काचा वर करून. खिडकीला नाक लावून भाचा समोरच्या झाडावरल्या शेपटीकडे बघत होता. "मावशी, तोंड फिरव म्हण ना त्याला."