दर तिसरी जागा ग्लायसिनची

हल्ली औषधाच्या दुकानात काउंटरवरच कोलॅजन पावडरचे डबे मांडलेले दिसतात. त्वचा तुकतुकीत, केस दाट, गुडघे ठणठणीत, सगळं एकाच डब्यात. तर्क सरळ वाटतो: त्वचेत कोलॅजन असतं, वयानुसार ते कमी होतं, मग ते खावं. पण खाल्लेलं कोलॅजन जसंच्या तसं त्वचेपर्यंत पोचत नाही. जठरात आणि आतड्यात त्याचे तुकडे होतात, आणि रक्तात जातात ती सुटी अमिनो आम्लं आणि दोन-तीन अमिनो आम्लांचे बारीक तुकडे. त्यांचं पुढे काय करायचं ते शरीर ठरवतं, डब्यावरचं लेबल नाही. शिवाय कोलॅजनमध्ये ट्रिप्टोफॅन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल मुळीच नसतं. त्या बाबतीत साधा वरणभात सरस.

मला वाईट वाटतं ते याचं, की इतक्या देखण्या रेणूची ओळख लोकांना जाहिरातीतून होते.

कोलॅजन हे एक प्रथिन. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी, आणि ही आम्लं मुख्यतः २० प्रकारची, एवढं शाळेत झालेलं असतं. सगळ्यांचा कणा जवळपास सारखा. फरक असतो तो कण्याला जोडलेल्या शाखेत. ग्लायसिनची शाखा म्हणजे फक्त एक हायड्रोजन, सगळ्यांत लहान. प्रोलिनची शाखा मात्र वळून पुन्हा कण्याच्याच नायट्रोजनला जोडलेली असते, त्यामुळे तिथे साखळीला हवं तसं वळता येत नाही. एक अगदी लहान आणि एक अगदी ताठर, या दोघांच्या जिवावर कोलॅजन उभं आहे.

कोलॅजनच्या रेणूत तीन साखळ्या असतात. त्वचेत आणि हाडांत असलेल्या प्रकारात प्रत्येक साखळी साधारण हजार अमिनो आम्लांची, आणि दर तिसऱ्या जागी ग्लायसिन. मधल्या दोन जागांवर पुष्कळदा प्रोलिन आणि त्याचंच रूप असलेलं हायड्रॉक्सिप्रोलिन. प्रोलिनच्या ताठपणामुळे प्रत्येक साखळीला डावा पीळ बसतो. मग तिन्ही मिळून एकमेकींभोवती उजवा पीळ घेतात. काथ्याचा दोर वळताना हेच करतात: पेड एका दिशेने वळायचे आणि ते एकत्र करताना पीळ उलटा द्यायचा, म्हणजे ओढ बसली तरी दोर उलगडत नाही.

आता ग्लायसिन दर तिसरंच का? साखळ्या इतक्या चिकटून असतात की प्रत्येकीचं तिसरं अमिनो आम्ल पिळाच्या ऐन मध्याशी येतं, आणि तिथे एका हायड्रोजनपुरतीच जागा असते. तिन्ही साखळ्या एकेका घराने पुढेमागे सरकलेल्या असतात, म्हणून कुठल्याही पातळीवर मध्याशी एकाच साखळीचं ग्लायसिन सापडतं. त्याच्या नायट्रोजनवरचा हायड्रोजन शेजारच्या साखळीतल्या ऑक्सिजनशी हायड्रोजन बंध जोडतो. पिळाच्या लांबीभर असे शेकडो बंध.

या जागी ग्लायसिनऐवजी दुसरं काहीही आलं की पीळ तिथे अडखळतो. ठिसूळ हाडांच्या एका जन्मजात आजारात अनेकदा नेमकं हेच झालेलं असतं: हजारातलं एक ग्लायसिन बदललेलं, आणि बाळाची हाडं जरा धक्क्याने मोडतात. आईने ग्रहणात विळीला हात लावला म्हणून असं झालं, हे ऐकवणारे अजून भेटतात. दोष जनुकातल्या एका अक्षराचा असतो. त्या बाईला बोल लावणं हा निव्वळ छळ आहे.

हा तिपेडी पीळ पहिल्यांदा मांडला तो मद्रास विद्यापीठातल्या जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी, १९५४ साली. क्ष-किरणांच्या चित्रांसाठी कांगारूच्या शेपटीतली कंडरा त्यांना मद्रासच्याच केंद्रीय चर्म संशोधन संस्थेतून मिळाली होती. पुढच्याच वर्षी त्यांनी साखळ्यांना एकमेकींभोवतीचा पीळ देऊन प्रतिकृती सुधारली. हायड्रोजन बंध किती, यावर डीएनएच्या रचनेमुळे प्रसिद्ध असलेले क्रिक आणि त्यांचे सहकारी रिच यांच्याशी वाद झाला आणि त्यात क्रिक-रिच यांची बाजू खरी ठरली. पण तीन साखळ्यांची मूळ कल्पना मद्रासची.

हायड्रॉक्सिप्रोलिनची गंमत अशी की ते त्या २० मध्ये नाहीच. साखळी तयार झाल्यावर एक विकर (एन्झाइम) प्रोलिनवर ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी बसवतं, आणि त्या विकरातलं लोह कामाच्या स्थितीत ठेवायला क जीवनसत्त्व लागतं. ही जोडी बसली नाही तर पीळ सुमारे २४ अंश सेल्सिअसलाच सुटतो. आपलं शरीर ३७ अंशांचं. म्हणून स्कर्व्हीत, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या आजारात, हिरड्यांतून रक्त येतं आणि जखमा भरत नाहीत. यावर आवळा, पेरू, लिंबू पुरे.

पीळ सुटताना पाहायचा असेल तर पायाचं सूप करा. तासन् तास उकळल्यावर साखळ्या सुट्या होऊन पाण्यात उतरतात, तेच जिलेटिन. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं की त्या जागोजागी पुन्हा पीळ घेतात, मध्ये पाणी अडकतं, आणि सकाळी पातेलं हलवलं तर सूप थरथरतं.

पुढे १९६३ मध्ये रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांनी प्रथिनाच्या कण्यातले दोन कोन घेऊन एक आलेख काढला: अणू एकमेकांवर न आदळता कुठले कोन शक्य आहेत आणि कुठले नाहीत. प्रथिनाची नवी रचना, प्रयोगातून आलेली असो वा संगणकाने वर्तवलेली, आजही या आलेखावर तपासली जाते. त्यावर सर्वांत मोठा मोकळा प्रदेश ग्लायसिनच्या वाट्याला येतो, कारण वळताना आड यायला त्याच्याकडे शाखाच नाही.