इंग्रजी लेखनातील अपॉस्ट्रॉफीच्या चुका

अपॉस्ट्रॉफी हे इंग्रजीत अक्षरांच्या वरच्या कडेला येणारे, स्वल्पविरामासारखे दिसणारे चिन्ह. १६व्या शतकात ते फ्रेंचमधून इंग्रजीत आले, तेव्हा त्याचे काम एकच होते : गळालेल्या अक्षराची खूण ठेवणे. ‘सः अहम्’चे ‘सोऽहम्’ होताना अवग्रह हेच करतो. जुन्या इंग्रजीत बऱ्याच नामांच्या षष्ठीला ‘ईएस’ हा प्रत्यय लागे. त्यातला ‘ई’ गळाला, त्या जागी हे चिन्ह आले आणि पुढे ते मराठीतल्या ‘चा-ची-चे’चे काम करू लागले. बहुतेक चुका या दोन कामांच्या सरमिसळीतून होतात.

सर्वांत जास्त घोटाळा ‘इट्स’चा. ‘त्याचा’ या अर्थी चिन्ह नको. ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ यांचा संक्षेप असेल तरच हवे. नामाला चिन्ह लागते म्हणून सर्वनामालाही लावले जाते. पण ‘हर्स’, ‘अवर्स’, ‘देअर्स’ यांनाही ते नसतेच. शंका आल्यास शब्द सोडवून ‘इट इज’ असा वाचावा. १७व्या-१८व्या शतकांत मात्र षष्ठीतही हे चिन्ह सर्रास छापले जाई, तेव्हा चुकणाऱ्याला अडाणी ठरवणे अन्यायाचे आहे.

दुसरी चूक साध्या अनेकवचनाची. केळी, टोमॅटो यांच्या भावफलकांवर ‘एस’आधी चिन्ह दिसते म्हणून ब्रिटनमध्ये तिला भाजीवाल्याची अपॉस्ट्रॉफी म्हणतात. एकाहून अधिक आमदारांसाठी ‘एमएलएज’ लिहितानाही चिन्हाची गरज नसते.

अनेकवचनी षष्ठी मराठी माणसाला लवकर उमगावी. ‘मुलीचे’ आणि ‘मुलींचे’ यांत जो फरक अनुस्वार करतो, तो इंग्रजीत चिन्हाच्या जागेने होतो : एक मुलगी असेल तर ‘एस’च्या आधी, अनेक असतील तर नंतर. उच्चार मात्र दोन्हींचा सारखाच, त्यामुळे कानाची मदत होत नाही. ‘चिल्ड्रन’ मुळातच अनेकवचनी असल्याने तिथे चिन्ह ‘एस’च्या आधीच येते.

स्थलनामांत नियमापेक्षा रूढी चालते. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या पिकाडिली मार्गावर अर्ल्स कोर्ट आणि बॅरन्स कोर्ट ही लागोपाठची स्थानके. पहिल्याला चिन्ह आहे, दुसऱ्याला नाही. बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेने २००९ मध्ये पाट्यांवर ते न वापरण्याचे धोरण पक्के केले, तेव्हा बरीच नाराजी उमटली.