‘अजून स्वीकारलं नाही का?’

दिव्यांग मुलाच्या आईबद्दल एक समज घट्ट बसलाय: धक्का, नकार, राग, नैराश्य या पायऱ्या चढून ती एकदाची ‘स्वीकारा’पर्यंत पोचते आणि दुःख संपतं. दहा वर्षांनी डोळे भरले, तर ‘अजून सावरली नाही’ हा शेरा तयारच.

मुळात मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये या पायऱ्या मांडल्या त्या मरणासन्न रुग्णांशी बोलून. पालकांना त्या नंतर चिकटवल्या गेल्या. त्याआधीच, १९६२ मध्ये, अमेरिकेतल्या सायमन ओल्शान्स्की यांनी बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या पालकांविषयी लिहिलं होतं: हे दुःख दीर्घकाळ सोबत राहतं, आणि तो आजार नव्हे, स्वाभाविक प्रतिसाद आहे. शेजारचं त्याच वयाचं पोर शाळेत जाऊ लागलं, धाकट्या भावंडाचं लग्न ठरलं, की ते पुन्हा वर येतं. एरवी तीच आई हसते, भांडते, लेकराचं कौतुक करून थकत नाही.

त्यामुळे ‘देव खास आयांनाच अशी मुलं देतो’ हे (खरं तर चीड आणणारं) सांत्वन राहू द्या. मुलाच्या थेरपीला सोबत जा, रविवारी दोन तास मूल सांभाळा, तिच्यासारख्याच दुसऱ्या आईशी गाठ घालून द्या. आणि हो, रजा बाबांनाही मिळते.