गेपिंग गिल आणि ‘जोडलेल्या’ गुहेचा वाद

इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या गेपिंग गिल या उभ्या विवराची चर्चा बहुतेक वेळा त्यातल्या धबधब्याच्या उंचीपाशीच अडकते. इंगलबरो डोंगरावरून येणारा फेल बेक हा ओढा जमिनीतल्या उघड्या तोंडातून सुमारे 98 मीटर खाली, चुनखडीतल्या प्रचंड दालनात कोसळतो. एकसलग कोसळणाऱ्या धबधब्यांच्या याद्यांमध्ये मात्र ‘जमिनीवरचा’ अशी अट घालून जेमतेम 30 मीटरच्या हार्ड्रॉ फोर्स या धबधब्याला इंग्लंडमधला पहिला क्रमांक मिळतो. असो.

1842 मध्ये चर खणून ओढा वळवला गेला आणि एक स्थानिक हौशी गृहस्थ दोरावरून साधारण 58 मीटरवरच्या कंगोऱ्यापर्यंत उतरले. तळ गाठला तो 1895 मध्ये एका फ्रेंच गुहासंशोधकाने, दोरांच्या शिड्या आणि टेलिफोन घेऊन. स्थानिकांना हे किती झोंबलं असेल, ते सांगायला नको.

खरा वाद पुढचा. दालनात पडलेलं पाणी तळातल्या दगडगोट्यांत मुरतं. डोंगराच्या खालच्या अंगाला, क्लॅपहॅम गावाच्या वर, इंगलबरो गुहा आहे. क्षारांचा बांध फोडून ती 1837 मध्येच आतपर्यंत खुली झाली होती. तिच्या शेजारूनच क्लॅपहॅम बेक उगम पावतो. वर पाण्यात रसायनं सोडून केलेल्या चाचण्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दाखवलं की हे पाणी तेच. भूजलाच्या अभ्यासकांच्या दृष्टीने प्रश्न तिथेच मिटायला हवा होता. गुहावाल्यांना ते मान्य नव्हतं. माणूस एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडेपर्यंत दोन गुहा एक मानायच्या नाहीत, हा त्यांचा दंडक. या हट्टापायी दोन्ही नकाशे अनेक दशकं वेगळेच राहिले. पण याच हट्टामुळे मधले अरुंद, गाळाने भरलेले आणि पाण्याखाली बुडालेले भाग कुणीतरी शोधत राहिलं, हेही खरं. रसायनाला जो रस्ता सापडतो तो माणसाच्या खांद्यांना पुरेलच असं नाही, आणि नकाशा काढायचा तर खांदेच हवेत.

अखेर 1983 मध्ये पाणबुड्या गुहासंशोधकांनी आतून दोन्ही टोकं सांधली. मात्र ती वाट आजही त्यांच्यापुरतीच आहे. बाकीच्यांसाठी खालून पर्यटकांसाठी खुली असलेली गुहा आहे. वरून मे अखेरीस आणि ऑगस्टमध्ये काही दिवस गुहा धुंडाळणारे स्थानिक क्लब विंचला (दोर गुंडाळणाऱ्या यंत्राला) टांगलेल्या खुर्चीतून थेट दालनात उतरवतात. त्यासाठी ओढा आजही वळवावा लागतो.