तीनचा बोलेरो, चारचा बोलेरो

पोर्तो रिकोचा गायक-गिटारवादक होसे फेलिसियानो, त्याच्या आवाजातलं 'उस्तेद' हे गाणं मी एका मैत्रिणीला पाठवलं. सोबत एवढंच लिहिलं, 'हा बोलेरो ऐक.' थोड्या वेळाने तिचा निरोप आला: "गाणं सुंदर आहे, पण तो ड्रम कुठे वाजतो यात?" तिच्या मनात फ्रेंच संगीतकार मॉरिस राव्हेलची 'बोलेरो' ही रचना होती. प्रश्न रास्तच होता. बोलेरो हे एकच नाव दोन निराळ्या संगीतप्रकारांना आहे, आणि पाश्चात्त्य संगीत थोडंफार ऐकणाऱ्याला आपल्याकडे आधी भेटतो तो राव्हेलचा.

दोन्ही ओळखायची खूण बोटांवर आहे. राव्हेल लावा आणि मात्रा मोजा: एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. मग फेलिसियानो लावा: एक-दोन-तीन-चार, तेही संथ. तबल्याला सरावलेल्या कानासाठी म्हणायचं तर पहिला दादऱ्याच्या घरचा आणि दुसरा केरव्याच्या. दोघांचं वजन त्या ठेक्यांसारखं नाही, पण मोजण्यापुरता हा आधार पुरतो.

तीनचा बोलेरो स्पेनचा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे रुळलेला हा नाच. साथीला गिटार, नाचणाऱ्यांच्या बोटांत कॅस्टनेट या लाकडी चिपळ्या, आणि कडव्याच्या शेवटी एकदम थबकून धरलेली ठाम मुद्रा. राव्हेलने १९२८ साली इडा रुबिनस्टाईन या नर्तिकेच्या सांगण्यावरून याच नाचाच्या चालीवर बॅले रचला. त्यात पडघमासारखा एक छोटा ड्रम दोन मापांचा (बारचा) एकच ठेका १६९ वेळा वाजवतो. धूनही तीच तीच फिरून येते. बदलतात ती फक्त वाद्यं, आणि वाढत जातो तो आवाज. गाणारं त्यात कुणीच नाही.

चारचा बोलेरो क्युबाचा, आणि तो मुळातच गाणं आहे. बेटाच्या पूर्व टोकाला सान्तियागो दे कुबा नावाचं शहर आहे. तिथला पेपे सांचेस हा पेशाने शिंपी. संगीताचं रीतसर शिक्षण त्याने घेतलेलं नव्हतं. १८८३च्या सुमाराला त्याने बांधलेलं 'त्रिस्तेसास', म्हणजे 'दुःखं', हे पहिलं बोलेरो गीत मानलं जातं. गिटार घेऊन गाणाऱ्या अशा मंडळींना तिथे त्रोवादोर म्हणतात. त्यांच्या बोलेरोचा साचा साधा होता: सोळा मापांचा एक भाग, मध्ये गिटारीचा छोटा तुकडा, मग पुन्हा सोळा मापं. पुष्कळदा पहिला भाग उदास मायनरमध्ये आणि दुसरा उजळ मेजरमध्ये.

मग नाव एकच कसं? नाव स्पेनहून समुद्र ओलांडून आलं, पण क्युबात त्याच्याखालची लय पालटली. त्या लयीचं नाव सिंकियो: आठ मात्रांत पाच ठोके, २-१-२-१-२ अशा अंतरांनी. हाताने वाजवून पाहा, मांडीवरसुद्धा जमतं. ही लय आफ्रिकी वंशाच्या माणसांची. हैतीतल्या उठावाच्या काळात जी कुटुंबं पूर्व क्युबात येऊन राहिली, त्यांच्याबरोबर ती आली असं सांगतात. पुढे बोलेरो जसजसा संथ झाला तसा सिंकियो मागे पडला आणि चार मात्रांची मऊ चाल उरली. बेस पहिल्या मात्रेवर लांब टेकतो, मग तिसऱ्या-चौथ्यावर दोन छोटी पावलं टाकतो, आणि वर मराकस या खुळखुळ्यांची सळसळ चालू राहते. बोंगो-मराकस आपल्या कानांना नवे नाहीतच. सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात गोव्यातल्या हळदोण्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट होता. त्याच्यासारख्या गोवेकर वादकांनी हे रंग मुंबईच्या सिनेसंगीतात केव्हाच मिसळले आहेत.

क्युबातून बोलेरो युकातानमार्गे मेक्सिकोत गेला आणि १९३०मध्ये सुरू झालेल्या एक्सईडब्ल्यू रेडिओ केंद्राने तो घराघरांत नेला. बोलेरोचा गाजलेला मेक्सिकन गीतकार-संगीतकार आगुस्तीन लारा त्याच काळातला. आपलं भावगीत रेडिओ आणि तबकड्यांच्या आधाराने वाढलं, तसंच हे. मैफलीच्या भारदस्त आवाजाची गरज उरली नाही, मायक्रोफोनजवळ हळू बोललं तरी पोचू लागलं. १९४४मध्ये न्यूयॉर्कमध्ये लोस पांचोस हे त्रिकूट जमलं: तीन आवाज, तीन गिटारी. त्यातल्या आल्फ्रेदो हिलने रेकिन्तो ही लहान, चढ्या स्वरात लावलेली गिटार घडवली. दोन ओळींच्या मधल्या जागेत ती बारीक मोत्यांसारखी वाजते. पुढे बोलेरोची ओळखच ती झाली.

फेलिसियानोने केलं ते यानंतरचं, आणि मला ते सगळ्यांत प्रिय आहे. पोर्तो रिकोतल्या लारेस गावी १९४५मध्ये जन्मलेला हा जन्मांध मुलगा पाच वर्षांचा असताना कुटुंबाबरोबर न्यूयॉर्कला आला. गिटार तो तबकड्या ऐकून शिकला. १९६६मध्ये अर्जेंटिनातल्या मार देल प्लाताच्या महोत्सवात तो गायला, आणि ब्वेनोस आयरेसमध्ये त्याच्याकडून स्पॅनिश गाणी ध्वनिमुद्रित करून घ्यायचं ठरलं. त्याने निवडले आईवडिलांच्या पिढीचे बोलेरो. 'पोकिता फे' आणि 'उस्तेद' ही त्यातली दोन. दोन्ही आधीपासून लोकांच्या ओठांवर होती, तरी ती नवीन वाटली. कारण तिघांचं काम एकटा करत होता. ओळ संपली की आवाज थांबतो आणि रेकिन्तोच्या जागी त्याचीच गिटार झरझर उत्तर देते. त्या उत्तरात ब्लूजची वळणं ऐकू येतात. शिवाय तो मात्रेवर गात नाही. शब्द थोडा मागे रेंगाळतो, समेला येतो येतो म्हणेपर्यंत ती निघून गेलेली असते, आणि मग दोन शब्द एकदम घाईने पडतात. राव्हेलच्या ड्रमवाल्याने असं एकदा जरी केलं तरी ती रचना कोसळेल. इथे मात्र याच रेंगाळण्यासाठी गाणं ऐकायचं असतं.

इंग्रजी जग त्याला १९६८च्या 'लाइट माय फायर'साठी आणि नाताळच्या 'फेलिस नाविदाद'साठी ओळखतं. लॅटिन अमेरिकेत मात्र तो आधी बोलेरोवाला झाला होता.

मैत्रिणीने 'उस्तेद' पुन्हा ऐकलं, या वेळी चार मोजत. दुसरा निरोप आला: "उस्तेद म्हणजे काय? तो सारखा तेच म्हणतोय." स्पॅनिशमध्ये 'तू' वेगळा आणि आदराचं 'तुम्ही' वेगळं. उस्तेद म्हणजे ते दुसरं. या गाण्यातला प्रियकर आपल्या सगळ्या यातनांची गुन्हेगार म्हणून तिला उभी करतो, पण 'तुम्ही' सोडत नाही. तुमच्यामुळे मी उद्ध्वस्त झालो, तुमच्यामुळे वेडा होईन, आणि तरीही तुम्हीच. मराठीत हे अंतर जसंच्या तसं कळतं, इंग्रजीतून ऐकणाऱ्याला ते कधीच सापडणार नाही. फेलिसियानो तो 'उस्तेद' दर वेळी निराळा उच्चारतो: एकदा तक्रारीने, एकदा अगदी हळू, जणू ती समोर उभी आहे आणि बसा म्हणायचंही राहून गेलंय.